कॅनाबिनॉइड ग्राही आणि स्नायूंची दुरुस्ती

कॅनाबिनॉइड ग्राही : कोशिकापटलावरील प्रथिने. भांगेतील द्रव्यांमुळे ती प्रथम लक्षात आली म्हणून हे नाव पडले, वस्तुतः ती शरीरातच तयार होणाऱ्या आनंदामाइड (शोध १९९२, नाव संस्कृत ‘आनंद’वरून) व २-एजी या मेदरेणूंसाठी असतात. सीबी१ ग्राहीचे जनुक १९९० मध्ये, सीबी२चे १९९३ मध्ये वेगळे करण्यात आले.

स्नायूला इजा झाली की दाहकोशिका मृत तंतूंचा निचरा करतात. मग तंतूंलगत सुप्त असलेल्या उपग्रह कोशिका जाग्या होऊन नवे तंतू घडवितात. येथे दोन्ही ग्राहींचे कार्य जवळजवळ परस्परविरोधी आहे. सीबी२ मुख्यतः प्रतिकारक्षम कोशिकांवर असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत तो चेतविल्यावर जखमेत व्रणऊतक कमी साठले. सीबी१ मात्र कोवळ्या स्नायुकोशिकांची परिपक्वता रोखतो. स्नायू-अपविकास झालेल्या उंदरांना सीबी१रोधक रिमोनाबँट दिल्यावर त्यांची हालचाल सुधारली. लठ्ठपणावरचे हेच औषध नैराश्याच्या धोक्यामुळे २००८ मध्ये युरोपात मागे घेतले गेले होते. त्यामुळे मेंदूत न शिरणारे सीबी१रोधक अधिक आशादायक वाटतात.

गांजातील टीएचसी दोन्ही ग्राहींना चेतविते. म्हणून गांजाला स्नायू भरून आणणारे औषध म्हणणे चुकीचे आहे.