फॉर्म पूर्ण भरलेला होता

माझी आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ नसेल तर ती चहाचा घोटही घेत नाही. खुब्याच्या ऑपरेशनआधी माळ काढावी लागली, त्याला तिची ना नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिने माळ मागितली. "आजी, दागिने सुरक्षित आहेत," सिस्टर म्हणाल्या. आम्हाला आत सोडत नव्हते. दिवसभर आजी उपाशी. फाइलमध्ये नोंद: पेशंट सहकार्य करत नाही. दुसऱ्या दिवशी माळ सापडली, चपलांच्या पिशवीत.

फॉर्ममध्ये मात्र सगळं बरोबर होतं. धर्म हिंदू, आहार शाकाहारी. मी स्वतः हॉस्पिटलांसाठी असेच फॉर्म बनवतो, म्हणून हे जास्त लागलं. मग या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत मॅडलिन लायनिंगर ही नर्स मानसिक त्रास असलेल्या मुलांची देखभाल करत होती. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकाच पद्धतीची शुश्रूषा लागू पडत नाही, हे तिला दिसलं. ती मानववंशशास्त्र शिकली, न्यू गिनीतल्या गाडसप लोकांमध्ये जाऊन राहिली, १९६५मध्ये पीएचडी झाली. पेशंटची संस्कृती समजून घेणं हा नर्सिंगचाच भाग आहे, हे तिने ठामपणे मांडलं.

पुढचा प्रश्न न्यूझीलंडमधून आला. माओरी भाषेत 'फेनुआ' म्हणजे जमीन आणि फेनुआ म्हणजेच वार. बाळाची वार आपल्या मातीत पुरायची त्यांची रीत. हॉस्पिटलं मात्र ती टाकून देत. 'जिथे नाळ पुरली' म्हणणाऱ्या आपल्याला यातलं दुःख समजावून सांगायला नको.

१९८८मध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका माओरी मुलीने सभेत विचारलं, की कायद्याच्या आणि उपचारांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी राम्सडेन या माओरी नर्सने तो प्रश्न उचलून धरला. तिचं म्हणणं लायनिंगरच्या पुढे जाणारं होतं. माओरींच्या चालीरीतींची यादी पाठ करू नका, कारण वसाहतवादाने कित्येक माओरींकडून त्यांची भाषाच हिरावली आहे. यादीत न बसणाऱ्या माणसाला तुम्ही पुन्हा परकं कराल. आधी स्वतःकडे बघा: तुमचे समज, तुमच्या हातातली सत्ता. आणि सेवा सुरक्षित होती का, हे नर्सने नाही, पेशंटने ठरवायचं.

१९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. तरी विषय अभ्यासक्रमात टिकला.

आजीच्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांना माळ दागिना वाटली, आणि फॉर्म भरलेला असल्यामुळे विचारायचं काही उरलंय असं वाटलं नाही. ते वाटणं माझ्यासारख्यांनी बनवलेलं आहे.

आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक प्रश्न टाकायला सुचवलाय: 'तुमचं काही जपायचं राहिलं का?' तो भरतीच्या वेळी येत नाही. रोज सकाळी येतो, आणि उत्तर पेशंटच्याच शब्दांत लिहायचं असतं.