शाळेचा एसी बदलताना : गार हवा आणि ताजी हवा

एसीची हवा गार असते, म्हणून ती ताजी असतेच असे नाही. शाळेतले जुने एसी बदलायची वेळ आली की चर्चा होते ती टनेज, वीजबिल आणि किमतीची. आरोग्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेगळाच आहे : वर्गात बाहेरची हवा किती येणार? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

म्युनिकचे डॉ. माक्स पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये बंद खोलीतल्या हवेवर लिहिले. आपण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोलीत त्याचे प्रमाण वाढले, तर तिथली हवा पुरेशी बदलत नाही असे समजावे, हे त्यांनी मांडले. त्यांनी सुचवलेली मर्यादा होती दहा लाख भागांत १००० भाग. आजही अनेक ठिकाणी हाच आकडा वापरतात.

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायुवीजन अभियंत्यांच्या संघटनेने माणशी दर मिनिटाला ३० घनफूट बाहेरची हवा असावी, असे ठरवले. तेव्हा क्षयरोगावर औषध नव्हते. १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी रानात उघड्या हवेवरची शाळा निघाली. १९०८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे तशी शाळा सुरू झाली. तिथे मुले थंडीत पांघरुणे लपेटून शिकत.

पुढे हे भान ओसरत गेले. १९३६ च्या सुमारास हवेची गरज अंगाच्या वासावरून मोजली जाऊ लागली आणि आकडा १० घनफुटांच्या आसपास आला. १९४० च्या दशकात क्षयावर औषधे मिळाली, भीतीही कमी झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या. १९८१ च्या अमेरिकी मानकात किमान आकडा उरला फक्त ५.

याची किंमत काय असते, हे त्याआधीच दिसले होते. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवराची साथ आली. एका मुलीपासून २८ मुलांना लागण झाली, आणि ही मुले १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. त्यांतली अनेक मुले तिच्या वर्गात कधी बसलीच नव्हती. इमारतीतली यंत्रणा तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होती आणि त्या हवेबरोबर विषाणूही फिरत होते.

बंद इमारतींत डोके दुखणे, डोळे चुरचुरणे अशा तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये आकडा पुन्हा १५ वर नेला. पण कागदावरचा नियम जुन्या यंत्राला लागू होत नाही. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की सुमारे ४१ टक्के शालेय जिल्ह्यांना आपल्या निम्म्या किंवा अधिक शाळांतली ही यंत्रणा सुधारावी किंवा बदलावी लागेल.

आपल्याकडच्या शाळांत बहुधा स्प्लिट एसी असतो. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. दारे-खिडक्या बंद, आत चाळीस-पन्नास मुले, म्हणजे सगळे एकमेकांचा उच्छ्वासच श्वासात घेतात. शेवटच्या तासाला येणारी पेंग दरवेळी मुलांच्या आळसामुळेच येते, असे नाही.

म्हणून नवा एसी घेताना शाळेला तीन गोष्टी विचारा. बाहेरची हवा आत आणणारा पंखा किंवा डक्ट आहे का? शाळा रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर त्या हवेला चांगला फिल्टर आहे का? आणि तो कोण, कधी साफ करणार? शाळेने कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र घ्यावे. वर्ग भरलेला असताना आकडा १००० च्या वर राहत असेल, तर मधल्या सुटीत आणि दोन तासांच्या मध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.

कोटेशनमध्ये टनेजचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी ‘दर मुलामागे बाहेरची हवा’ असा आणखी एक रकाना मागून घ्या.