मधुमेह व हिरड्यांचे विकार

मधुमेह व हिरड्यांचे विकार : मधुमेही व्यक्तीच्या हिरड्या आणि दातांना आधार देणारी ऊतके इतरांपेक्षा लवकर व अधिक तीव्रतेने रोगग्रस्त होतात. उलटपक्षी हिरड्यांचा जुनाट शोथ बळावला, की रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. हा दुहेरी संबंध विसाव्या शतकात सिद्ध झाला असला, तरी त्याच्या खुणा भारतीय वैद्यकात पुष्कळ आधी सापडतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे, म्हणजे रोग उघड होण्यापूर्वीची लक्षणे, दिली आहेत. त्यांत तहान व तळहात-तळपायांचा दाह यांबरोबरच श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, गळा, जीभ व दात यांवर मळ साचणे यांचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात दंतमूलाचे १५ रोग वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते व त्या मऊ होऊन झडतात. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू व रक्त येऊन दात हलू लागतात. आज ज्याला सामान्यतः पायोरिया म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. तथापि ही दोन प्रकरणे स्वतंत्र आहेत. त्यांत कार्यकारणभाव वाचणे म्हणजे आजचे ज्ञान प्राचीनांच्या माथी मारणे होय. निरीक्षण मात्र अचूक आहे, यात शंका नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात सायफर्ट यांनी १८६२ मध्ये मधुमेह व तोंडातील विकृती यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनाचा शोध लावला. तोपर्यंत तीव्र मधुमेहाचे अनेक तरुण रोगी अल्पावधीतच दगावत; त्यांच्या दातांचा विचार करण्यास अवधीच नसे. रोगी दीर्घकाळ जगू लागल्यावर डोळे, मूत्रपिंडे व तंत्रिका यांचे उपद्रव ठळक झाले आणि त्यांच्या मागोमाग हिरड्यांचे विकारही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील पीमा जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथील १९९० च्या सुमाराच्या पाहण्यांत मधुमेहींना दातांचा आधार नष्ट करणारा हा रोग होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. १९९३ मध्ये हाराल्ड लो यांनी या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले.

रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली, की सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बिघाड होतो, श्वेत कोशिकांची जंतुनाशक शक्ती घटते व जखमा भरून येण्यास विलंब लागतो. त्यामुळे दातांवरील कीटणातील जंतूंना हिरडीखाली मोकळे रान मिळते. उलट बाजूने, शोथातून रक्तात मिसळणारी द्रव्ये इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणतात. हिरड्यांच्या उपचाराने साखर उतरते का, यावर बराच वाद झाला. मते अनेकदा बदलली. २०१३ मधील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत लाभ दिसला नाही. मात्र २०२२ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण झाले, त्यात ग्लायकोसिलित हीमोग्लोबिनाच्या प्रमाणात तीन-चार महिन्यांनी सरासरी ०·४३ टक्क्याची घट आढळली. ही घट लहान दिसली, तरी एखादे जादा औषध सुरू केल्याने मिळणाऱ्या लाभाच्या जवळपास जाते.

रायगडचा किनारा (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री हिरड्यांना चोळण्याची सवय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, जुनी आहे व कोकणही तिला अपवाद नाही. मिश्री दात घट्ट करते, ही समजूत घातक आहे. तंबाखूने हिरडी मागे सरकते व दातांची मुळे उघडी पडतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्धच आहे, परंतु सुपारीचे सतत चर्वणही तोंडाच्या अंतस्त्वचेस अपायकारक ठरते. अशा तोंडात मधुमेहाची भर पडली, की नुकसान वेगाने होते. ‘वय झाले, दात पडणारच’ या समजुतीमुळे ते रोगाचे लक्षण म्हणून ओळखलेही जात नाही.

उपचारांसाठी हा किनारा दीर्घकाळ मुंबईवर अवलंबून राहिला. तेथे १९३३ मध्ये नायर दंत महाविद्यालय सुरू झाले व १९५५ मध्ये शां. स. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. परंतु पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असत. मुरूड-श्रीवर्धनच्या रोग्याला तर मुंबई खुष्कीनेही दूरच. पुढे जिल्ह्याच्या उत्तर भागात, पनवेलजवळ कामोठे येथे दंत महाविद्यालय निघाले. दक्षिणेकडील तालुक्यांचे अंतर त्याने फारसे मिटले नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०११ मधील अहवालात महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८·४ टक्के आढळले. २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०·१ कोटी असल्याचे अनुमान प्रसिद्ध झाले. यांतील बहुतेकांची साखर एका दालनात तपासली जाते आणि हिरड्या, तपासल्याच तर, दुसऱ्या. हलणारा दात काढून देताना रक्तशर्करा तपासली, तर ज्यांना आपला मधुमेह ठाऊकच नाही असे काही रोगी तेथेच सापडू शकतात.