दुष्काळ, चांदी आणि टांकसाळ : दख्खनमधील शेतकऱ्यांची धातुरूप बचत (१८६१-१९००)

प्रस्तावना

संकटकाळासाठी मौल्यवान धातू जवळ बाळगण्याची प्रथा भारतीय समाजात दीर्घकाळापासून रूढ आहे. वसाहतकालीन प्रशासकांनी तिच्याकडे बहुधा अनुत्पादक संचय म्हणूनच पाहिले. तथापि एकोणिसाव्या शतकातील दख्खनची परिस्थिती लक्षात घेता हा संचय केवळ हौसेपोटी झालेला नव्हता. कोरडवाहू शेतीतील अनिश्चिततेवर योजलेला तो उपाय होता. या उपायाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा १८७६-७८ आणि १८९६-१९०० या काळातील दुष्काळांच्या तुलनेतून स्पष्ट होतात.

संचयाचे स्वरूप

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) हिंदुस्थानातील कापसाला अपूर्व भाव मिळाला आणि त्याच्या मोबदल्यात मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर चांदी आली. तिचा काही अंश खानदेश, वऱ्हाड व धारवाड भागांतील शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचला. खेड्यांत बँका नव्हत्या. टपाल खात्याची बचत बँकही १८८२ मध्ये सुरू झाली. पेवातील धान्याला ओल व कीड यांचे भय असे, तर जनावरे दुष्काळात चाऱ्यावाचून मरत. तोडे, वाळे, सरी, करगोटा या रूपांतील चांदी मात्र टिकाऊ होती आणि गरजेपुरती मोडता किंवा गहाण ठेवता येत होती. हे दागिने मुख्यतः स्त्रियांच्या अंगावर असल्याने कुटुंबाची ही राखीव ठेव प्रत्यक्षात स्त्रीधनातूनच उभी राहिलेली असे.

१८७६-७८ चा दुष्काळ आणि टांकसाळ

त्या काळी रुपयाचे वजन एक तोळा होते व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन अल्प आकार भरून तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. शेतकरी स्वतः टांकसाळीपर्यंत जात नसे. सोनार व सराफ आपली घट आणि नफा कापून घेत. एकाच वेळी अनेकजण दागिने मोडू लागले की स्थानिक भावही उतरे. तरीही टांकसाळ खुली असल्यामुळे या उतरंडीला एक आधार राहिला होता. १८७६-७८ च्या दुष्काळात दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत आली, ती याच व्यवस्थेमुळे.

१८९३ चा निर्णय

१८७० नंतर जर्मनीसह अनेक राष्ट्रांनी सुवर्णमान स्वीकारल्याने चांदीचा जागतिक भाव कोसळला. इंग्लंडमध्ये पौंडांत भरावयाच्या खर्चासाठी सरकारला अधिकाधिक रुपये मोजावे लागू लागले. हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाचा विनिमयदर पुढे १ शिलिंग ४ पेन्स या पातळीवर स्थिर झाला. वाढता खर्च भागविण्यासाठी नवे कर बसविणे टाळता यावे, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. परंतु या निर्णयाने रुपया आणि दागिना यांतील नाते तुटले. पूर्वी चांदी स्वस्त झाली तर दोहोंचे मूल्य एकत्रच घटत असे; आता रुपया वर राहिला आणि दागिना खाली गेला.

परिणाम

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या बदलाची झळ पोहोचली. शतकाच्या अखेरीस लंडनमधील चांदीचा भाव औंसाला २७ ते २८ पेन्सच्या आसपास होता. त्या हिशेबाने रुपयातील चांदीची किंमत जेमतेम दहा-अकरा आणे भरत होती. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र पूर्ण सोळा आण्यांच्या रुपयांतच फेडावे लागे. म्हणजेच एका तोळ्याच्या दागिन्यामागे सुमारे एक तृतीयांश मूल्य, पाऊस पडो वा न पडो, आधीच नाहीसे झालेले होते. ज्यांच्याजवळ दागिनाच नव्हता, त्या भूमिहीन मजुरांना दोन्ही प्रसंगी दुष्काळी कामांवाचून दुसरा आधार नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

निष्कर्ष

१९३१ मध्ये नेमके उलट घडले. २१ सप्टेंबर रोजी इंग्लंडने सुवर्णमान सोडला व रुपया पौंडाशी जोडलेला राहिला. १९२७ च्या कायद्याने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या दराशी बांधलेले सोने महागले आणि मंदीने गांजलेल्या कुटुंबांचे सोने मुंबईमार्गे परदेशी गेले. या वेळी धातूने विकणाऱ्याला साथ दिली, पण विक्रीमागे नडच होती. यावरून असे म्हणता येईल की, धातूचा टिकाऊपणा आणि त्याचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली निसर्गदत्त असली, तरी दुसरी राज्यसंस्थेच्या चलनविषयक धोरणावर अवलंबून असते. दख्खनच्या शेतकऱ्याने अवर्षणाचा विचार करून चांदी साठविली होती. चलनधोरण हे दुसरे संकट त्याच्या हिशेबात नव्हते. म्हणूनच दुष्काळाच्या इतिहासात पर्जन्यमान आणि धान्याचे भाव यांच्याबरोबरच टांकसाळीच्या इतिहासाचाही विचार होणे आवश्यक ठरते.