पेढी सोडून स्वयंपाकघरात : पेल्लेग्रिनो आर्तूझीची भिंतींविना पाकशाळा

२५ जानेवारी १८५१ ची रात्र. इटलीच्या रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोली या लहानशा गावाच्या नाट्यगृहात गावातील सारी प्रतिष्ठित मंडळी जमली होती. मध्यंतरानंतर पडदा वर गेला, तेव्हा रंगमंचावर नटांऐवजी दरोडेखोर उभे होते आणि त्यांच्या बंदुका प्रेक्षकांवर रोखलेल्या होत्या. टोळीचा म्होरक्या होता स्तेफानो पेल्लोनी, ज्याला सारा मुलूख ‘पासातोरे’ या नावाने ओळखत असे. एकेका धनिकाचे नाव पुकारले गेले, पैसे उकळले गेले आणि काहींना पुढे घालून त्यांची घरे लुटली गेली.

लुटल्या गेलेल्या घरांत आर्तूझी कुटुंबाचेही घर होते. वडील आगोस्तिनो हे मसाले आणि किराणा मालाचे सुखवस्तू व्यापारी, आणि मुलगा पेल्लेग्रिनो तेव्हा तीस वर्षांचा. पैसा गेला तो पुन्हा मिळवता आला असता. पण त्या रात्री पेल्लेग्रिनोच्या बहिणीला, गर्ट्रूडला, जो धक्का बसला त्यातून ती कधीच सावरली नाही. अखेर तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले.

पासातोरे दोनच महिन्यांनी चकमकीत मारला गेला. पुढे कवी जोव्हान्नी पास्कोलीने त्याला ‘सभ्य दरोडेखोर’ म्हणून अमर केले. आर्तूझींच्या घराला त्या सभ्यतेची काय किंमत पडली, हे त्या कवितेत येत नाही.

पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, आर्तूझी कुटुंबाने गाव सोडले आणि ॲपेनाइन डोंगररांग ओलांडून फ्लॉरेन्स गाठले. आजच्या नकाशावर हा एका देशातील दोन शहरांमधला प्रवास दिसतो, पण तेव्हा ‘इटली’ नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. फोर्लिंपोपोली हे पोपच्या राज्यात होते, तर फ्लॉरेन्स तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकच्या सत्तेखाली. दोन्हीकडचे कायदे वेगळे होते, नाणी आणि वजनमापेही वेगळी होती. घरात आणि बाजारात बोलली जाणारी भाषासुद्धा निराळी. अर्थाने आणि व्यवहाराने आर्तूझी परदेशी गेले होते.

या नव्या मुलखात पेल्लेग्रिनोने व्यापारात आणि पैशाच्या व्यवहारात जम बसवला. रेशमाची उलाढाल होती, पेढीचे काम होते. जमाखर्च चोख, व्यवहार सावध. बहिणींची लग्ने त्याने लावून दिली, स्वतः मात्र अविवाहित राहिला. पन्नाशीच्या आसपास, हाती पुरेशी पुंजी जमल्यावर, त्याने धंद्यातून अंग काढून घेतले. फ्लॉरेन्समधील पियाझ्झा दाझेल्यो या नव्याने वसलेल्या शांत चौकात त्याचे घर होते. तेथे दोन मांजरे होती, पुस्तके होती आणि साहित्यिक म्हणून नाव मिळवण्याची इच्छा होती.

ती इच्छा काही फळली नाही. कवी उगो फोस्कोलोचे चरित्र त्याने १८७८ मध्ये लिहिले, ते फारसे कोणी वाचले नाही. जुझेप्पे जुस्तीच्या पत्रांवरची टिपणे १८८१ मध्ये आली, त्यांचीही तीच गत झाली. साठी उलटलेला, साहित्यात अपयशी ठरलेला एक निवृत्त सावकार, एवढीच त्याची ओळख उरली असती.

स्वयंपाकाकडे तो नेमका कसा वळला, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. खाण्याची आवड तर पहिल्यापासून होती. धंद्याच्या निमित्ताने आणि सहज म्हणूनही तो इटलीभर फिरला, ठिकठिकाणी जेवला, आणि प्रत्येक जेवण त्याच्या स्मरणात एखाद्या खातेवहीसारखे नोंदले गेले. त्यातली एक नोंद तर अंगावर काटा आणणारी आहे. १८५५ च्या उन्हाळ्यात तो समुद्रस्नानासाठी लिव्होर्नोला गेला. एका खाणावळीत त्याने मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचे दाट सार, खाल्ले आणि दोमेनिची नावाच्या गृहस्थाच्या घरी मुक्कामाला गेला. रात्रभर पोटात भयंकर कळा येत होत्या. साऱ्या दोषाचे खापर त्या बिचाऱ्या मिनेस्त्रोनेवर फोडून सकाळ होताच तो फ्लॉरेन्सला परतला. थोड्याच दिवसांत बातमी आली : लिव्होर्नोत कॉलरा पसरला होता आणि पहिला बळी होता तो घरमालक दोमेनिचीच. हा सारा वृत्तान्त त्याने पुढे आपल्या पुस्तकात मिनेस्त्रोनेच्या पाककृतीला जोडूनच लिहिला. मृत्यू आणि भाज्यांचे सार एकाच पानावर मांडणारा पाकशास्त्रकार विरळाच!

१८६१ मध्ये इटली एक झाली, पण कागदावर. एका सुप्रसिद्ध अंदाजानुसार त्या वेळी शंभरातील जेमतेम अडीच माणसांना प्रमाण इटालियन बोलता येत होते, आणि चारांपैकी सुमारे तीन जण निरक्षर होते. चलन म्हणून १८६२ मध्ये लिरा सर्वत्र लागू झाला. मेट्रिक मापेही आली. स्वयंपाकघरे मात्र आपापल्या जुन्या राज्यांतच नांदत होती. एकाच पदार्थाला बोलोन्यात एक नाव, तर फ्लॉरेन्समध्ये दुसरेच. उपलब्ध पाकग्रंथ बहुतेक फ्रेंच वळणाचे. ते श्रीमंतांच्या घरच्या पगारी आचाऱ्यांसाठी लिहिलेले असत आणि त्यांत फ्रेंच शब्दांची एवढी खिचडी असे की मध्यमवर्गीय गृहिणीला त्यातून काही उमगू नये.

आर्तूझीचे वेगळेपण येथेच आहे. ज्याने अनेक राज्यांची नाणी हाताळली होती, त्याला सामाईक मापाचे मोल सांगावे लागत नव्हते. परंपरागत आचारी ‘अंदाजाने’ म्हणत तेथे तो ग्रॅम लिहू लागला. पीठ किती, लोणी किती, अंडी किती, माणसे किती, हे सारे आकड्यांत आले. पदार्थ करून पाहायचा, बिघडला तर पुन्हा करायचा, आणि ताळा जुळल्यावरच तो वहीत उतरवायचा, अशी त्याची शिस्त होती. शब्दांचेही त्याने असेच शुद्धीकरण केले. फ्रेंच ‘बेशामेल’ या पांढऱ्या सॉसला त्याने ‘बाल्सामेल्ला’ हे इटालियन रूप दिले आणि नीटस तोस्कान भाषेत घरगुती गप्पांच्या ओघात पाककृती सांगितल्या. साहित्याच्या क्षेत्रात ज्या भाषेने त्याला यश दिले नव्हते, तीच भाषा चुलीपाशी त्याच्या कामी आली.

पुस्तकाचे नाव होते ‘ला शिएन्झा इन कुचिना ए लार्ते दि मांजार बेने’, म्हणजे ‘स्वयंपाकाचे शास्त्र आणि उत्तम भोजनाची कला’. हस्तलिखित पाहून एका विद्वान मित्राने, पुस्तक फारसे चालणार नाही, असे भाकीत केले. प्रकाशकांशी बोलणी जमली नाहीत. अखेर १८९१ मध्ये, वयाच्या सत्तरीत, आर्तूझीने फ्लॉरेन्समधील साल्व्हातोरे लांदी यांच्या छापखान्यातून स्वखर्चाने १,००० प्रती काढल्या. पुस्तकात ४७५ पाककृती होत्या, आणि अर्पणपत्रिका आपल्या दोन मांजरांना!

त्या हजार प्रती खपायला चार वर्षे लागली. या काळातला सर्वांत बोचरा प्रसंग खुद्द जन्मगावी घडला. फोर्लिंपोपोलीत धर्मादाय सोडत होती, तिच्यासाठी आर्तूझीने दोन प्रती भेट पाठवल्या. ज्यांना त्या बक्षीस म्हणून लागल्या, त्यांनी पुस्तकाची थट्टा केली आणि प्रती तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. पुस्तकाची पाने पुड्या बांधायला गेली असतील, हे सांगायला नको. पुढच्या आवृत्त्यांत आर्तूझीने पुस्तकाच्या जन्माची ही कथा स्वतःच छापली आणि तिची तुलना सिंड्रेलाच्या गोष्टीशी केली. अपमानही त्याने जमाखर्चात नोंदवून ठेवला, असे म्हणावे काय?

त्यानंतर मात्र वारे फिरले. तेव्हाचे नामवंत शास्त्रज्ञ पाओलो मांतेगाझ्झा यांनी पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली. हळूहळू मागणी वाढली आणि आवृत्तीमागून आवृत्ती निघू लागली. आर्तूझी पुस्तक थेट आपल्या घरून टपालाने विकत असे, त्यामुळे वाचकांची पत्रेही थेट त्याच्याच घरी येत. कोणी चुका दाखवी, कोणी शंका विचारी, कोणी आपल्या गावची एखादी पाककृती धाडी. ती पाककृती पियाझ्झा दाझेल्योच्या चुलीवर करून पाहिली जाई आणि पसंत पडली तर पुढच्या आवृत्तीत दाखल होई. चौदाव्या आवृत्तीपर्यंत पाककृतींची संख्या ४७५ वरून ७९० वर गेली. वर्ग नाही, फळा नाही, घंटा नाही, तरीही ही एक पाकशाळाच होती. शिक्षक फ्लॉरेन्समध्ये, विद्यार्थी देशभर, आणि विद्यार्थीही शिक्षकाला शिकवत आहेत, असा तिचा प्रकार.

पुस्तक आज उघडले तर काही ठिकाणी थबकायला होते. त्यातील ‘नेपल्सचा पिझ्झा’ हा गोड पदार्थ आहे. त्यात रिकोटा आणि बदाम आहेत, टोमॅटोचा मागमूसही नाही! टोमॅटो भेटतो तो दुसऱ्या पानावर, एका पाद्र्याच्या गोष्टीतून. रोमान्यातील हे पाद्री प्रत्येकाच्या घरात नाक खुपसत, म्हणून गावाने त्यांना ‘दोन पोमोदोरो’, म्हणजे ‘टोमॅटोबुवा’, असे नाव ठेवले होते, कारण टोमॅटोही असाच सगळ्या पदार्थांत शिरतो. स्ट्रूडेल हा पदार्थ भाजून झाल्यावर जळूसारखा किंवा बेढब सापासारखा दिसला तरी घाबरू नका, चव आवडेल, असा दिलासाही तो देतो. वांग्याबद्दलची नोंद तर इतिहासाच्या अभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे. चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत, कारण ते ज्यूंचे अन्न म्हणून हलके मानले जाई, असे सांगून तो पुढे म्हणतो की चांगल्या वस्तूची पारख ज्यूंनाच इतरांआधी झाली होती. बाजारातील एका भाजीमागे दडलेला सामाजिक दुरावा त्याने असा जाता जाता टिपला आहे.

१९७० मध्ये साहित्याचे इतिहासकार पिएरो कांपोरेझी यांनी असे प्रतिपादन केले की इटलीला एकत्र आणण्यात या पाकग्रंथाचा वाटा मांझोनीच्या विख्यात कादंबरीपेक्षाही मोठा आहे. हे विधान आकर्षक आहे आणि बव्हंशी पटण्याजोगेही. तथापि ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आर्तूझीची ‘इटली’ मुख्यतः रोमान्या, बोलोन्या आणि तोस्काना एवढीच आहे. नेपल्स आणि सिसिली अधूनमधून डोकावतात, पण कालाब्रिया, पुल्या, सार्डिनिया जवळजवळ गैरहजर आहेत. ज्या वर्षांत या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत होत्या, त्याच वर्षांत उत्तरेतील शेतमजूर केवळ मक्याच्या पोलेंतावर जगून पेलाग्राने आजारी पडत होते आणि लाखो इटालियन पोटासाठी अमेरिकेला निघाले होते. रोज लोणी आणि अंडी मोजून घेण्याची ऐपत असलेल्या शहरी मध्यमवर्गाचे हे पुस्तक होते. त्याने इटलीला एक भोजनभाषा दिली, पण ती बोलण्याची संधी सर्वांना सारखी नव्हती.

आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. सत्तरीतला हा गृहस्थ प्रत्येक पदार्थ स्वतःच्या हाताने रांधत होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच्या घरी दोन माणसे होती : फोर्लिंपोपोलीचा स्वयंपाकी फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि तोस्कानाच्या मास्सा ए कोझ्झिले गावची मारिएत्ता साबातिनी. मळणे, लाटणे, तळणे, बिघडलेले पुन्हा करणे, या श्रमांचा मोठा भार त्यांच्यावर होता. आर्तूझीने हे दडवले नाही. एका गोड पावाला त्याने ‘पानेत्तोने मारिएत्ता’ असे नाव दिले आणि ती उत्तम स्वयंपाकीण असल्याचे छापून टाकले. घरकाम करणाऱ्या बाईचे नाव पुस्तकात येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या आर्तूझीचेच राहिले.

३० मार्च १९११ रोजी, नव्वदाव्या वर्षी, आर्तूझी वारला. त्याचे मृत्युपत्र उघडले गेले तेव्हा सावकाराचा शेवटचा ताळेबंद समोर आला. पुस्तकाचे हक्क त्याने फ्रान्चेस्को आणि मारिएत्ता या दोघांना दिले होते. पुढे पुस्तक घरोघर पोहोचले, तेव्हा त्याच्या उत्पन्नाचे धनी स्वयंपाकघरातले हे दोन हातच ठरले. उरलेली मालमत्ता त्याने फोर्लिंपोपोलीच्या नगरपालिकेच्या नावे केली. त्याच गावाच्या नावे, जिथे त्याचे घर लुटले गेले होते, बहिणीचे आयुष्य उद्ध्वस्त झाले होते आणि पुस्तक तंबाखूवाल्याकडे गेले होते.

गावाने फेड केली, पण सावकाशीने. १९९७ पासून तेथे दर उन्हाळ्यात आर्तूझीच्या नावाने खाद्योत्सव भरतो. २००७ मध्ये एका जुन्या धार्मिक वास्तूत ‘कासा आर्तूझी’ उभे राहिले. तेथे ग्रंथालय आहे, भोजनगृह आहे, आणि भिंती असलेली खरीखुरी पाकशाळाही आहे. परदेशांतून आलेले विद्यार्थी तेथे लाटण्याने पास्त्याची पातळ पोळी लाटायला आणि पियादीना भाजायला शिकतात. त्यांना शिकवणाऱ्या गावातल्या स्त्रियांच्या संघटनेचे नाव आहे ‘मारिएत्ते’, म्हणजे मारिएत्ताचे अनेकवचन.

आर्तूझीची समाधी मात्र फोर्लिंपोपोलीत नाही. ती डोंगरापलीकडे, फ्लॉरेन्समधील सान मिनियातोच्या टेकडीवरच्या दफनभूमीत आहे.