रिकाम्या दूरचित्रवाणी-वाहिन्यांचा अमेरिकेंतील वाद

अमेरिकेंतील रिकाम्या दूरचित्रवाणी-वाहिन्यांचा वाद हा नव्या यंत्रकंपन्या व जुने प्रक्षेपक यांमधील केवळ लाभाचा तंटा होता, असें वरवर पाहणारास वाटेल. आमच्या मतें त्याचें मूळ निराळें आहे. वाहिनी रिकामी असल्याचा पुरावा कोणता मानावा, हा खरा प्रश्न होय.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. तेथें प्रत्येक वाहिनीस ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा तोडून दिलेला असतो. परस्परांस उपद्रव होऊं नये म्हणून जवळच्या दोन शहरांत एकच वाहिनी देत नाहींत; त्यामुळें ठिकठिकाणीं कांहीं वाहिन्या पड जमिनीप्रमाणें राहतात. त्यांवर बिनतारी इंटरनेट चालवावें, या कल्पनेची चौकशी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें डिसेंबर २००२ मध्यें आरंभिली व मे २००४ मध्यें नियमांचा मसुदा काढला.

गूगल, मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांचें म्हणणें असें कीं, यंत्रानें स्वतः कानोसा घ्यावा व वाहिनी मोकळी आढळल्यास वापरावी. नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्सचा या कानोशावर विश्वास नव्हता. जुलै २००७ च्या अहवालांत, नमुन्याचीं यंत्रें प्रक्षेपण खात्रीनें ओळखीत नाहींत, असेंच कमिशनला आढळलें. आपलें यंत्र बिघडलेलें होतें, असा खुलासा मायक्रोसॉफ्टनें केला.

सर्वांत विचारार्ह पक्ष तिसराच होता. नाटकगृहें व प्रार्थनामंदिरें यांतील बिनतारी मायक्रोफोन याच मोकळ्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षें चालत. परंतु परवाना मुख्यतः प्रक्षेपक व चित्रपटनिर्माते यांनाच मिळे. म्हणजे इतरांची वहिवाट होती, सनद नव्हती. २००८ सालीं गायिका डॉली पार्टन यांनीं कमिशनला पत्र लिहून नव्या यंत्रांस विरोध केला, तो याच वर्गाच्या हितासाठीं.

४ नोव्हेंबर २००८ रोजीं कमिशनच्या पांचही सभासदांनीं यंत्रांस परवानगी दिली. पण कानोसा व स्थानवार नोंदवही असे दोन्ही पुरावे सामान्यतः आवश्यक ठरविले. जानेवारी २०१० मध्यें बिनपरवाना मायक्रोफोनांस दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर तात्पुरती मुभा मिळाली. २३ सप्टेंबर २०१० च्या निवाड्यानें नोंदवही पाहणाऱ्या यंत्रांस कानोशाची अट माफ केली, मायक्रोफोनांसाठीं दोन वाहिन्या राखल्या, व त्या जेथें अपुऱ्या पडतील तेथें मोठ्या प्रयोगांस अर्ज करून नोंदवहींत नांव घालण्याची सवलत दिली.

सारांश, कान हरला व दप्तर जिंकलें. तथापि दप्तरांत नोंद नाहीं म्हणून जमीन रिकामी ठरत नाहीं, हें जुन्या कागदपत्रांत वावरणारांस सांगणें नको. बिनसनदी वहिवाटदारास आधीं मान्यता देऊन मगच दप्तर प्रमाण मानलें, म्हणून २०१० चा निवाडा आम्हांस न्याय्य वाटतो. पुढें २०१७ सालीं संपलेल्या लिलावानें ३८ ते ५१ या वाहिन्या मोबाइल सेवेकडे गेल्या व पड जमीनच आकसली. परंतु त्यामुळें वरील निवाड्याचें महत्त्व कमी होत नाहीं.