टायर निवडावा रस्ता पाहून!

मोटारीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो चार टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागांपुरता. इंजिनाची ताकद आणि ब्रेकची पकड तेथूनच रस्त्यावर उतरते. असे असूनही 'एसयूव्ही'साठी टायर घेताना अनेकदा उपयोगापेक्षा रुबाबाचा विचार अधिक होतो. त्याची किंमत पावसाळ्यात ओल्या डांबरावर मोजावी लागते.

तीन प्रकार
'हायवे टेरेन' (एच/टी) टायरवरील नक्षी बारीक आणि दाट असते. खोबण्या आणि पातळ चिरा पाणी बाजूला सारतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड चांगली मिळते. आवाज कमी होतो आणि इंधनही वाचते. 'मड टेरेन' (एम/टी) टायरवर मोठे, दूरदूर बसवलेले रबरी ठोकळे असतात. मराठवाडा-विदर्भातील काळी माती दाट नक्षीत भरून बसते आणि चाक जागीच फिरू लागते. रुंद खोबण्या मात्र हा चिखल बाहेर फेकतात. तथापि डांबरावर याच टायरचे कमी रबर टेकते. परिणामी थांबण्याचे अंतर वाढते, आवाज होतो आणि झीजही लवकर होते. 'ऑल टेरेन' (ए/टी) हा या दोहोंमधील मध्यममार्ग होय.

आकड्यांचा अर्थ
'२१५/७५ आर १५' या खुणेत २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, तर १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. यानुसार टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिमी होतो. त्याऐवजी '२३५/७५ आर १५' बसवल्यास तो ७३४ मिमीच्या आसपास जातो. गाडीची उंची केवळ १५ मिमीने वाढते. मात्र पूर्वी अचूक असलेला वेगदर्शक काटा १०० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग १०४ किलोमीटर असतो.

मोठे रिम कोणासाठी?
सतरा इंची रिमवर '२२५/६० आर १७' टायर घेतल्यास एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. भिंतीची उंची मात्र १६१ वरून १३५ मिमीवर येते. वळणावर गाडी स्थिर वाटते, परंतु खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. कच्च्या वाटेवर उंच भिंत आणि लहान रिम उपयुक्त ठरते. तेथे पोलादी रिमही सोयीचे असते. ते जड असले तरी दणक्याने बहुधा वाकते आणि ठोकून सरळ करता येते. अलॉय रिम हलके असते, पण त्याला तडा जाण्याची शक्यता अधिक असते.

हवेचे गणित
वाळू किंवा चिखलात हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवल्यास टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर परतण्यापूर्वी ती पूर्ववत भरणे अत्यावश्यक आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा वेगात कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो.

नियम काय सांगतो?
मोटारीच्या टायरची खोबण किमान १.६ मिमी खोल असणे नियमानुसार बंधनकारक आहे. खोबणीतील उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे मडगार्डबाहेर डोकावणारी चाके दंडाला आणि विम्याच्या वादालाही निमंत्रण देऊ शकतात.

खरेदीपूर्वी...
* चारचाकी चालनाच्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे असावेत. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.
* भारनिर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. 'क्यू' म्हणजे कमाल १६०, तर 'एच' म्हणजे २१० किलोमीटर.
* निर्मितीचा चार अंकी आकडा पाहावा. '२३२४' म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा.

वर्षातील बहुतांश प्रवास शहरात आणि महामार्गावर होत असेल, तर एच/टी हीच योग्य निवड ठरते. महिन्या-दोन महिन्यांतून गडाच्या पायथ्याची कच्ची वाट धरणाऱ्यांना ए/टी पुरेसा आहे. एम/टी टायर, ज्यांची वाट खरोखरच चिखलातून जाते त्यांच्यासाठी!